आधीचं ताट

"आधी दुसऱ्याच्या ताटात, मग आपल्या. आन हे रोजचं हाय, बरं का. सणावाराला करायचं आन एरवी इसरायचं, असलं व्रत न्हवं हे."

सासूबाईंचे शब्द तानाबाईंना ऐन गर्दीत ऐकू आले. हातात वॉटर पार्कचं पांढरं ताट होतं, मनगटावर नारिंगी कागदी पट्टी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. व्रत मात्र चुकलं नव्हतं. रोज कुणाला तरी जेवू घालायचं, मगच आपण घास घ्यायचा. घरी असताना शेजारची चिमणाबाई असे, नाहीतर वाटेनं जाणारा कुणी मेंढका. माणूस मिळतंच. बघायचं असलं की दिसतं.

"आई, अगं घे की! पनीर घे, गुलाबजाम घे," अमरसिंह स्वतःच्या ताटात तिसऱ्यांदा पुलाव ओढत म्हणाला. "तिन्ही वेळचं अनलिमिटेड हाय. भरल्यालं वसूल झालं पायजे."

त्याची लेक शिवानी पोट धरून खुर्चीत बसली होती. "आजी, मला घसरगुंडीवर जायचं हुतं. पर पप्पा म्हणत्यात, आधी आनखी एक डोसा खा."

तानाबाई हसल्या. त्यांनी ताट नीट भरलं. भात, आमटी, दोन पोळ्या, भाजी. गुलाबजामही घेतला. वरून पदर धरला आणि टेबलाकडं न जाता त्या दाराकडं वळल्या.

दारात उभ्या असलेल्या टोपीवाल्या मुलीनं हात आडवा केला. "आजी, ताट बाहेर न्यायचं नाही."

"बाहेर आमच्या गाडीचं डायव्हर हायत. धोंडीराम. त्यास्नी देऊन येते."

"त्यांच्या हाताला बँड आहे?"

"न्हाय. माझ्या हाताला हाय की. माझं जेवान त्यास्नी."

"तसं चालत नाही. ज्याचा बँड, त्यानंच जेवायचं. आणि इथंच."

"मग त्यास्नी आत घे. माझ्या जागी बसतील."

"बँड दुसऱ्याला देता येत नाही, आजी."

मुलगी काही वाईट बोलत नव्हती. शिकवलेलं म्हणत होती. तानाबाई मात्र दारातून हलल्या नाहीत. मागं रांग थांबली. अमरसिंह हातातलं ताट घेऊनच धावत आला.

"काय लावलंयस, आई? धोंडीरामला भत्ता दिलाय न्हवं? खाईल कुठंतरी."

"कुठंतरी न्हाय. सकाळी मी शब्द दिलाय त्यास्नी."

सकाळी तुळशीला पाणी घालून दिवा लावेपर्यंत गाडी दारात खोळंबली होती. अमरसिंह हॉर्न वाजवा म्हणत होता. धोंडीरामनं वाजवला नाही. "निवांत होऊ दे मावशी, देवाचं आधी," म्हणाला. तेव्हाच त्या बोलल्या होत्या, "दुपारी माझ्या आधी तुम्ही जेवायचं, पावणं." त्याच्या नावानं दशम्याही बांधल्या होत्या. तो डबा अमरसिंहानं पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. सगळं जेवण प्लॅनमध्ये हाय, म्हणाला, डबा कशाला?

आता अमरसिंहाचा आवाज खाली आला. "आई, बोनसमधनं घेतलाय गं ह्यो प्लॅन. एक दिस तरी तू कुणाला वाढू नयेस. नुसतं बसून खावंस."

शिरोलीच्या फौंड्रीत लोखंड ओतताना भाजलेल्या त्याच्या बोटांना पुलावाची शितं चिकटली होती. तानाबाईंनी ती पाहिली. माया कळत होती, म्हणून त्या आणखी हळू बोलल्या.

"खाते की बाळा, बसूनच खाते. पर आधी न्हाय."

"आजी," दारातली मुलगी म्हणाली, "ताट बाहेर नेलंत तर मला बँड कापावा लागेल. मग संध्याकाळचा नाश्ता नाही, रात्रीचं जेवण नाही. आत काहीच मिळणार नाही."

रांगेतून एकजण ओरडला, "मावशी, जावा की गप जाग्यावर! फुकटचं कशाला घालवताय?"

"फुकटचं न्हाय, पावणं. माझ्या लेकाच्या घामाचं हाय," तानाबाई मागं न बघता म्हणाल्या. "म्हणून तर ते कुणाच्या तोंडात जायचं, हे ह्यो कागद ठरवणार न्हाय."

त्यांनी ताट डाव्या हातात घेतलं. उजवा हात पुढं केला. कात्रीत अडकू नयेत म्हणून हिरव्या बांगड्या कोपराकडं वर सारल्या.

"काप."

मुलीनं अमरसिंहाकडं पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतीस? हात माझा हाय."

कात्री चालली. नारिंगी पट्टी फरशीवर पडली.

"आन तू काय खाणार, आई?" अमरसिंहानं विचारलं.

"त्यांचं जेवान हुंदे आधी."

चपला आत लॉकरमध्ये राहिल्या होत्या. बाहेरची फरशी तव्यासारखी तापलेली. पार पलीकडं, कडुलिंबाखाली, गाडीचं दार उघडं टाकून धोंडीराम तोंडावर टोपी घेऊन पडला होता. पाय पोळत होते. तरी आमटी हिंदकळू नये म्हणून तानाबाई सावकाश चालत राहिल्या.