पांढऱ्या फटी

सकाळपासून हसन अंगणात उकिडवा बसून फरशांमधल्या फटी खरवडत होता. पांढऱ्याशुभ्र मसाल्याने भरलेल्या त्या फटी शेवाळाने काळ्याहिरव्या झाल्या होत्या, आणि परवा त्याने बाटलीभर अॅसिड ओतल्यापासून जागोजागी पिवळ्याही. नको ती घाई नडली. आता जुना मसाला सगळा उकरून नवा भरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्याच्या मात्र ते पथ्यावरच पडलं होतं. हाताला काम असलं की तोंड उघडावं लागत नाही. शुक्रवारी सुट्टी संपत होती, आणि परत जायला नोकरीच उरली नव्हती. दुबईहून कंपनीचा फोन येऊन तीन आठवडे झाले. बिल्डिंगांची कामं थांबली, व्हिसा रद्द, येऊ नको. बायकोला, झुबेदाला, सांगायचं रोज ठरायचं. शब्द ओठांपर्यंत यायचे. मग तो उठून नळाचा वायसर बदलायचा, फाटकाला तेल घालायचा. काल तर साध्या तारेच्या ब्रशसाठी कळंबोलीला जाऊन आला, बाजारात घरापासून चार पावलांवर मिळत असताना.

फाटकाशी दीनानाथ थांबला. दर खेपेला हसनला विमानतळावर सोडणारी गाडी त्याचीच.

"हसनभाई, शुक्रवार ना? किती वाजता येऊ?"

"सांगतो." हसनने मान वर केली नाही.

"लवकर सांगा. लग्नाची भाडी चालू हायत. मंग गाडी उरायची नाय."

तो गेला. हसनने पुढची फट इतक्या जोरात उकरली की फरशीचा टवका उडाला.

दारात झुबेदा उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"बाजारात जाते. फटीत भरायची पावडर आणू ना? कंची आणू?"

"पांढरी. दोन पाकिटं."

"पांढरीच?"

"पांढरीच!"

मागच्या सुट्टीतही तो असाच अडून बसला होता. मिस्त्री सांगत होता, उघड्यावर पांढरं राहायचं नाही. पण हसनच्या डोळ्यांसमोर दुबईतली अंगणं होती. पाऊस सुरू व्हायच्या आत तो निघून गेला. पहिल्या श्रावणातच फटींचं काय झालं, ते झुबेदाने पाहिलं. फोनवर तिने कधी सांगितलं नाही.

ती परतली तेव्हा ऊन पार पायरीपर्यंत आलं होतं. तिने दोन पाकिटं त्याच्यापुढे ठेवली. राखाडी.

"अगं, पांढरी सांगितली होती ना तुला?"

"दोन वर्षांनी म्हयनाभर येणाऱ्याला पांढरी बरी," झुबेदा म्हणाली. "बारा म्हयने पाय पडायचे, तर हीच टिकेल."

हसनचा हात थांबला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? परत जाणारा माणूस मिस्त्री बोलवतो. दर खेपेला तुमी बोलवलाय. यंदा स्वताच बसलात." तिने ओढणीच्या टोकाने कपाळ पुसलं. "दीनानाथला सांगून आले, गाडी नको म्हणून."

हसनला आधी लाजच वाटली. एवढे दिवस आपण लपवत होतो आणि ही बघत होती. मग छाती एकदम मोकळी झाली, डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात स्वच्छ नव्हते.

"झुबेदा, आता पुढं..."

ती बादली आणि स्पंजचा तुकडा घेऊन त्याच्या शेजारी खाली बसली होती.

"वाळायच्या आत पुसावं लागतं ना? पावडर कालवा. तुमी भरत चला, मी मागून पुसत येते."