हुकमी वाक्य

मुदत संपून कायद्याने मेलेलं कर्ज पुन्हा जिवंत करण्यात त्याचा हात धरणारा वसुलीच्या ऑफिसात दुसरा कोणी नव्हता. "देणं मान्य आहे, फेडू" एवढंच लिहिलेल्या कागदावर घरच्यांची सही मिळाली, की झालं. पुन्हा तगादा, पुन्हा घरावर टाच. विधवांसाठी तर त्याचं हुकमी वाक्यच होतं, "काकू, गेलेल्या माणसाला कर्जात कशाला अडकवून ठेवता? एक सही करा, ते सुटतील." साहेबांनी ते अख्ख्या ऑफिसकडून घोटून घेतलं होतं.

आज तो घरी आला, तर आई कधी नव्हे ती खुशीत.

"दुकानाच्या त्या जुन्या कर्जातून तुझ्या बाबांना सोडवलं रे आज मी, एका सहीत! काय गोड बोलत होता मुलगा, अगदी तुझ्यासारखा."