खाचेतले दात

तिच्या लग्नावरून दादा रुसला तो कायमचाच. परदेशी गेला आणि तिकडेच वारला. वहिनीने त्याची व्हिडिओ गेमची कॅसेट तेवढी तिला पाठवली. लहानपणी दोघं ज्यावर खेळायचे ते मशीन तिने जिवापाड जपलं होतं, पण तिकडची कॅसेट त्याच्या खाचेत बसेना. आत प्लॅस्टिकचे दोन दात आडवे येत होते. “तिकडचे खेळ इकडे चालू नयेत म्हणून कंपनीनेच ठेवलेत,” नवरा पक्कड घेऊन म्हणाला. “कापू? बिघडलं तर मला बोल लावायचा नाही.” तिने काळजावर दगड ठेवून मान डोलावली. दात तुटले, कॅसेट बसली, पडदा उजळला. साठवलेले दोन डाव दिसले. एक दादाच्या नावाचा, शेवटापर्यंत खेळलेला. दुसरा नुसता मांडून ठेवलेला. नवऱ्याने नाव वाचलं. “ही ढमी कोण गं?” “मी,” म्हणत ती टीव्हीसमोर मांडी घालून बसली.