ठिणगीची पारख

“नजर बोटांवर ठेव. ठिणगी मी बघते,” आत्या म्हणाली.

भाचीने ग्राइंडरचं बटण दाबलं. हे वाक्य तिला पाठ होतं. घरामागच्या या पत्र्याच्या खोलीत तसा नियमच होता. ज्याच्या हातात पोलाद, त्याने बोटं सांभाळायची. पारख करायची ती आत्याने, चाकासमोर स्टुलावर बसून. लाकडी खेळणी कोरायच्या सुऱ्या दोघी घरीच बनवायच्या आणि भंगारातून त्यांचं पोलाद निवडायचा मान चाळीस वर्षं आत्याचाच होता. त्यात दुसऱ्या कुणी तोंड घातलेलं तिला खपत नसे.

आज बाकावर तीन पट्ट्या होत्या. तिन्ही सारख्याच गंजलेल्या, कशाच्या कुणास ठाऊक.

गेल्या सहा महिन्यांत भाचीने केलेल्या चार सुऱ्या वाया गेल्या होत्या. घोड्याचा कान कोरायला घ्यावा आणि धार पुठ्ठ्यासारखी वळावी. आत्याचं दर वेळी एकच. “पाणी द्यायला चुकलीस. लाल तापवायचं आणि बुडवायचं, एवढंसं काम, तेही जमू नये? हात आहेत की पळ्या?” पोलादच चुकलं असेल, हे भाचीच्या मनातसुद्धा आलं नाही. ही पाचवी सुरी. हीसुद्धा वळली तर खोक्यांच्या कारखान्यात कामाला जायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिथल्या बाईंना शब्दही दिला होता. लहानपणापासून तिला सुऱ्या-खेळण्यांचं हे एकच काम आवडायचं. पण हातच दगा देत असतील तर करणार काय?

पहिली पट्टी चाकाला लागली.

“हं. मऊ लोखंड. सरळ रेघा जातायत नुसत्या. टाक.”

भाचीने ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. ही पटकन तापली. बोटं भाजली तशी तिने हात मागे घेऊन पट्टी पाण्याच्या डब्यात बुडवली. नेमकी त्याच वेळी शेजारच्या सुताराची करवत चाकावर पट्टी घासल्यासारखी कर्रकन सुरू झाली.

आत्या स्टुलावरून पुढे झुकली. “अहाहा! याला म्हणतात पोलाद! बघ, ठिणगीच्या टोकाला कसे तुरे फुटतायत! हीच घे, डोळे झाकून घे.”

भाचीचा हात अजून पाण्यातच होता. चाक नुसतंच फिरत होतं.

तिने आत्याकडे पाहिलं. आत्या कौतुकाने हसत होती, पण तिचे डोळे चाकाच्या वीतभर डावीकडे, भिंतीवर लागले होते.

भाचीने नियम मोडला. दुसरी पट्टी चाकाला लावून तिने मान वर केली. ठिणग्या सरळ गेल्या आणि विझल्या. मग तिने टाकून दिलेली पहिली लावली. तडतड करत बारीक बारीक तुरे फुटले, अगदी खोलीच्या मध्यापर्यंत.

म्हणजे चारही वेळा तिचे हात बरोबर होते. तिला आनंद झाला, आणि झाला म्हणून लाज वाटली. मग राग आला. सहा महिने! सहा महिने ऊठसूट बोलणी खाल्ली होती तिने. आणि आपल्याला दिसेनासं झालंय हे आत्याला ठाऊक नव्हतं थोडंच? तिने बोलायला तोंड उघडलं.

“काय गं, गप्प का झालीस?” आत्याने विचारलं. तिने स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. “अं? काय झालं? बोल ना.”

आत्या घाबरली होती. भाचीने तिला घाबरलेलं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

खोक्यांच्या कारखान्यात जायची आता गरज उरली नव्हती. आणि आता जाताही येणार नव्हतं.

“काही नाही,” भाची म्हणाली. “पट्टी तापली जरा.” तिने पहिली पट्टी उचलून भट्टीजवळ ठेवली. “हीच घेतली बघ, तू म्हणालीस तीच.”

“आणि या खेपेला पाणी नीट दे. का माझ्या पोलादाचं पुन्हा वाटोळं करणार आहेस?”

भाचीने ग्राइंडर बंद केला. चाक थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

“नीट देते, आत्या. माझंच चुकत होतं.”

एरवी यावर आत्याने तिला दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. आज तिने नुसती स्टुलाची कड सोडली. शेजारची करवतही थांबली. मग भिंतीकडेच बघत ती हळूच म्हणाली, “चुकतं गं माणसाचं.”