सत्काराची शाल

पडद्यावर मुलाचा फोटो आला, तरी खैरुनबींचे डोळे कोरडेच राहिले. पहिल्या रांगेतले देणगीदार वाट बघत होते.

मुलाला धर्मवेड्या जमावानं ठेचून मारलं, तेव्हापासून तीन वर्षं खैरुनबी एका कट्टरताविरोधी मोहिमेच्या प्रत्येक सभेत हा फोटो बघून रडत आल्या होत्या. त्यांच्या रडण्यावरच मोहिमेला देणग्या मिळायच्या.

मोहीम चालवणाऱ्या अनघाताईंनी हसत त्यांच्या खांद्यावर शाल घातली. "फार केलंत तुम्ही. आता घरी आराम करा." आणि माइक शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे दिला. तिचा नवरा गेल्याच महिन्यात मारला गेला होता. बोलण्याआधीच ती हुंदके देऊ लागली. देणगीदारांनी चष्मे पुसले.

मंचावरून उतरता उतरता खैरुनबी तिच्या कानाशी वाकल्या.

"पुरवून रड, पोरी. डोळे आटले की शाल घालतात."