मधली जागा

आईच्या यकृतातला कर्करोग माझ्याच सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे रुग्णाला कळू द्यायचे नव्हते. “साधा अल्सर,” असे सांगून आम्ही दोघा भावंडांनी तिला दोन दिवस हवापालटाला दालात या थंड हवेच्या डोंगरी गावी आणले. तळ्याकाठी फोटोवाल्याने तिघांना ओळीत उभे केले. तिघांच्या फोटोतला मधला माणूस आधी मरतो, या समजुतीपायी आईने असा फोटो कधीच काढू दिला नव्हता. “थांबा, चौथा शोधतो,” म्हणत माझा धाकटा भाऊ क्वी घोडागाडीवाल्याकडे वळला. “त्यापेक्षा घोडाच आण, तुझ्याहून बरा दिसेल,” आई म्हणाली. अशा समजुतींना पुरावा नसतो, म्हणून मीच मध्ये सरकले. आईने मला कोपराने बाजूला ढकलले. “हो तिकडे, डॉक्टरीणबाई. तुझी पोरं लहान आहेत.” आमच्या दंडांत हात अडकवून ती मध्ये उभी राहिली. “काढ रे लवकर. या दोघांना फार वेळ खोटं हसता येत नाही.”