शनिवारचं तेल

कंपनीच्या तपासणीत शेखरच्या रक्तात चरबी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी बजावलं, तेल मोजून घाला, तळण बंद, आणि एकदा तळलेलं तेल पुन्हा वापरू नका. त्याच्या आईनं, गोजाबाईनं, त्याच दिवशी तेलाचा डबा कुलपात घातला. रोज सुनेला, प्राजक्ताला, चार चमचे काढून द्यायची, आणि वाचलेलं घाण्याचं करडई तेल दर शनिवारी गावच्या मारुतीला वाहायची, लेकाच्या जिवासाठी.

पुढच्या तपासणीत चरबी आणखी वाढली.

"चोरून तळण चारतीस व्हय गं त्याला?"

"डबा तुमच्या कुलपात, आत्या. मी काय पाण्यात तळू?" प्राजक्ता म्हणाली.

त्या शनिवारी गोजाबाई तेल वाहून देवळामागून निघाली. देवाच्या अंगावरून ओघळलेलं तेल जिथं बाहेर पडतं, तिथं भजीवाला भैरू डबा लावून बसला होता. तेलात शेंदूर, केस, मेलेल्या माश्या. भैरूनं डबा उचलला, समोरच्या गाडीवर नेला आणि मळक्या फडक्यातून गाळून सरळ कढईत ओतला.

"मुडद्या, ही घाण माणसांना चारतोस?" हे तोंडाशी आणत ती तरातरा गाडीपाशी गेली, आणि बाकड्याकडं बघून तिथंच थिजली.



"अजून एक प्लेट लाव, भैरू," शेखर बोटं चाटत म्हणत होता, "आमच्या घरी पूर्वी तळायचे ना राव, अगदी तीच चव हाय."